संगमरवराच्या साठ्यातून फरशी निघेल की पावडर, हे रासायनिक तपासणीवरून ठरतं का?

नाही, ठरत नाही. प्रश्नासोबत दिलेल्या तुमच्या तपासणी अहवालात कॅल्शियम ऑक्साइड ५३ टक्के आलंय, म्हणजे दगड जवळपास ९५ टक्के कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) आहे. छान आहे. पण त्यावरून फरशीबद्दल काहीही कळत नाही. फरशी अखंड ब्लॉकमधून निघते आणि ब्लॉक मिळणार की नाही, हे डोंगरातल्या भेगा ठरवतात.

राजस्थानात राजसमंदकडे नोकरीला असताना याच मुद्द्यावरून माझं एका खाणमालकाशी वाजलं होतं. दगड पांढराशुभ्र, तिकडे सापडतो तसा डोलोमाइटी (कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही असलेला), अहवाल नमुनेदार. मी उघडा कडा पाण्याने धुऊन घेतला आणि वाळेपर्यंत तिथेच थांबलो. धुतलेला दगड वाळताना आधी पांढरा पडतो, भेगांतली ओल मागे राहते आणि सगळं जाळं काळ्या रेघांनी उमटतं. तिथे भेगांचे तीन संच एकमेकांना छेदत होते आणि दोन भेगांत हातभरही अंतर नव्हतं. हातोडा मारला तर खणखणीत आवाज नाही, नुसता बद्द. मी लिहून दिलं की ब्लॉक मिळणार नाहीत, सुरुवातीपासूनच खंडा (फुटके तुकडे) काढून पावडरच्या कारखान्यांना द्या.

मालक भडकले. ताजमहालाला जो दगड लागला त्याचा भुगा करायचा? (तो मकराण्याचा, कॅल्साइटी. यांचा दगडच वेगळा होता.) खाली गेल्यावर भेगा मिटतात, असंही ते म्हणाले. वरचा भार उतरल्यामुळे पडलेल्या भेगा मिटतातही, पण डोंगर घडताना पडलेल्या भेगा खोलवर जातात. म्हणून आधी कोअर ड्रिलिंग (खोलवर भोक पाडून दगडाचा दंडगोल नमुना काढणं) करा म्हटलं, तर तो खर्च फुकटचा वाटला. कर्ज काढून वायरसॉ (तारेने दगड कापणारी यंत्रं) आणले. ब्लॉक काही उचलताना फुटले, उरलेले गँगसॉखाली, म्हणजे ब्लॉकच्या लाद्या कापणाऱ्या करवतीखाली. शेवटी माल पावडरलाच गेला, तोही मातीमिश्रित, पडेल भावाने.

पावडर म्हणजे हलका माल, ही समजूतच चुकीची आहे. रंग, पीव्हीसी पाइप, कागद यांत जाणाऱ्या पावडरच्या अटी फरशीपेक्षा कडक असतात. दळल्यावरचा पांढरेपणा मोजतात, खड्याचा नव्हे. लोह जरा वाढलं की पिवळट झाक येते. सिलिका (क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी) असेल तर यंत्रं झिजतात. म्हणून तुमच्या उरलेल्या ५ टक्क्यांत काय आहे ते आधी बघा: मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) असेल तर पावडरला सहसा अडचण नाही, क्वार्ट्झ असेल तर आहे. क्वार्ट्झ आम्लात विरघळत नाही, म्हणून प्रयोगशाळेकडून आम्लात न विरघळणाऱ्या भागाचा आकडा मागून घ्या. कॅल्साइट की डोलोमाइट, हे जागेवर ओळखायला मात्र थंड, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब पुरतात. कॅल्साइट लगेच फसफसतो, डोलोमाइट भुकटी केल्याशिवाय फारसा दाद देत नाही. सिमेंटसाठी डोलोमाइटी पट्टे टाळा, कारण साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये मॅग्नेशिया ६ टक्क्यांवर चालत नाही.

आता भेगा विरळ निघाल्या तरी लगेच हुरळून जाऊ नका. संगमरवरासाठीच्या भारतीय मानक ११३० प्रमाणे २४ तासांत दगडाने वजनाच्या ०.४ टक्क्यांहून जास्त पाणी पिता कामा नये. पितळी चमकणारे पायराइटचे कण दिसले तर एक तुकडा पावसाळाभर बाहेर ठेवा, गंजाचे डाग उमटतील. आणि बाहेरच्या भिंतीला पातळ लाद्या लावायच्या असतील तर शिकागोचं उदाहरण बघा: तिथल्या अमोको इमारतीच्या, इटलीतल्या कॅरारा संगमरवराच्या लाद्या ऊनथंडीने वाकल्या आणि १९९०नंतर जवळपास ४३,००० लाद्या उतरवून ग्रॅनाइट लावावा लागला. लाद्या अशा वाकतील का, हे दगडाचे कण एकमेकांत किती गुंतलेत यावर बरंच ठरतं, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच कळतं.

तुमच्याकडचा कडा उघडा आहे की मातीखाली, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. मातीखाली असेल तर आधी चर खणून तो उघडा करा आणि धुवा. कोणी भागीदार त्याआधी यंत्रांची कोटेशनं घेऊन आला, तर सही करू नका.