विडी कामगार बायकांचे नंबर लिंकवर कशाला? : हॅकेथॉनविषयी प्रश्नोत्तरे

कॉलेजांच्या हॅकेथॉन, म्हणजे ठरलेल्या वेळात गटाने ॲप किंवा वेबसाइट बनवायच्या स्पर्धा, जवळ आल्या की सोलापुरातून तेच ते प्रश्न येतात. यंदा एकदाच उत्तरे देतो.

प्रश्न : ॲप करावे की वेबसाइट? (विजापूर रोड)

वेबसाइट. पाण्याची वेळ बघायला कुणी ॲप उतरवून घेत नाही.

प्रश्न : नळाला काही दिवसांआड पाणी येते. पेठवार वेळा दाखवणारा नकाशा करायचाय. खासगी माणसाला त्यासाठी सरकारी परवानगी लागते, असे ऐकले. गूगलचा नकाशा गिरवला तर? (साखर पेठ)

ऐकले कुणाकडून? फेब्रुवारी २०२१ मध्येच केंद्राने भारतीयांसाठी पूर्वपरवानगीची अट काढली. संवेदनशील ठिकाणांची बंधने तेवढी पाळा. गूगलवरून मात्र गिरवू नका. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या एडिटरमध्ये दिसणारी उपग्रहचित्रे गिरवायला चालतात, गल्लीची नावे स्वतः फिरून टिपा. वेळा बदलत राहतात, त्या यूमॅपवर (त्याच नकाशावर आपली माहिती दाखवणारी साइट) वेगळ्या ठेवा. आणि आधी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला व चावीवाल्याला भेटा.

प्रश्न : स्पर्धा पुढच्या रविवारी आहे. माहितीसाठी आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाकू का?

उशीर झाला. उत्तराला कायदाच ३० दिवस देतो. त्याच कायद्याच्या कलम ४ खाली कार्यालयाने आपणहून जाहीर केलेली माहिती तरी आधी वाचलीत का?

प्रश्न : पूर्व भागातल्या विडी कामगार महिलांच्या आजारांचा सर्व्हे गूगल फॉर्मवर केला. नाव, मोबाइल, आधार घेतले. मुलांच्या सोयीसाठी शीट ‘लिंक असेल त्याला दिसेल’ अशी ठेवली आहे. चालेल ना? (अक्कलकोट रोड)

नाही. आधी ती शीट बंद करा, मग पुढचे वाचा.

लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जाते आणि कर्जवाल्या एजंटच्या हाती लागायला वेळ लागत नाही. मी परीक्षक होतो त्या एका स्पर्धेची अशीच शीट सात महिन्यांनी उघडून पाहिली. उघडीच होती! बक्षीस घेऊन मुले गेली, बायकांचे नंबर तिथेच.

खोकला कुणाला आहे हे कळायला आधार क्रमांक कशाला लागतो? वयोगट, पेठ, किती वर्षे विड्या वळते, त्रास कोणता, एवढे पुरे. नावे काढली म्हणजे झाले, असेही नाही. एखाद्या गल्लीत साठीच्या पुढच्या दोघीच असतील, तर शेजारीण लगेच ओळखेल. असे आकडे एकत्र करूनच दाखवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मागतो, अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची. जिला तेलुगूच नीट कळते, तिच्याकडून मराठी फॉर्मवर घेतलेली टिकमार्क संमती मला मान्य नाही. तेलुगूतून वाचून दाखवा. पुढच्या वेळी कोबोटूलबॉक्स हे सर्व्हेचे साधन घ्या, त्यातला फॉर्म नेट नसतानाही भरता येतो. पण त्याआधी कामगार संघटना, एक डॉक्टर आणि एक वकील, तिघांशी बोला.

प्रश्न : एक कंपनी फी घेऊन प्लॅटफॉर्म आणि ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्र देते. घ्यावे का?

कोड ठेवायला गिटहब ही साइट फुकट आहे. प्रमाणपत्र कुठले राष्ट्र मानते, ते कंपनीलाच विचारा.

प्रश्न : पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी केला की अक्षरांचा चिवडा होतो.

फॉन्ट जुना असणार, युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नव्हे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर चालतो, पण जोडाक्षरे आणि आकडे दोघांनी मिळून मूळ कागदाशी ताडा. त्यापेक्षा संबंधित विभागात जाऊन एक्सेल फाइलच मागा.