शेती संरक्षणाचा परवाना मिळाला, घरात पहिल्यांदाच बंदूक येतेय, काय सांभाळावं?

सगळ्यात आधी घरातली पोरं. बंदूक आणि काडतुसं एकाच कपाटात ठेवू नका. दोन्ही वेगवेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ल्या स्वतःजवळ. खुंटीला टांगायची जुनी सवय सोडाच. बंदूक हातात घेतली की ती भरलेलीच आहे असं धरून चाला, अगदी आत्ताच रिकामी केली असली तरी. नळी माणसाकडे वळता कामा नये, आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. रात्री बागेत राखणीला जाताना हे फार जपा. झुडपात हललं ते डुक्कर की शेजारी, हे दिसल्याशिवाय गोळी नाहीच.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. भावाला, मित्राला एका रात्रीपुरतीही बंदूक देऊ नका, परवाना तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. लग्नात हवेत बार काढला तर शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निवडणुकीत पोलिसांची नोटीस आली की बंदूक ठाण्यात जमा करा, पावती जपून ठेवा. नूतनीकरणाची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.