आधी पट्टी बघ

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पेढे पोचले. सहकार खात्यात सहायक निबंधक म्हणून तुझी पहिली नेमणूक कांद्याच्या तालुक्यात झाली, हे वाचून मला आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. परीक्षेसाठी तू १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा कलमांसकट पाठ केलायस. पण पहिल्या दिवशी तुला कोणी कलम विचारणार नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला एखादा म्हातारा विचारेल, "मॅडम, निर्यातीचं काय होणार?" आणि तुझ्याकडे उत्तर नसेल. ते उत्तर दिल्लीत असतं.

अलीकडचंच बघ. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि सोमवारी नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ७ डिसेंबरला रात्री निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, लागू लगेच ८ तारखेपासून. मुदत ३१ मार्चपर्यंतची होती, ती संपायच्या आतच वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला तेही निघालं.

या तारखा शेतातल्या कामांशेजारी मांडून बघ. शुल्क लागलं तेव्हा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, होता. तो भाव बघून काढायचा म्हणूनच ठेवलेला असतो, आणि ठेवला की रोज वजनात घटतो. बंदी आली तेव्हा लाल कांदा शेतातून निघत होता. तो तर चाळीत टिकतच नाही. काढला की बाजारात आणावाच लागतो. शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे, हे मला मान्य आहे. सरकारने अंकुश लावूच नये, असंही मी म्हणत नाही. पण चाळ भरताना एक नियम आणि चाळ फोडताना दुसरा, असं का? नियम लागवडीच्या आधी सांगता येत नाही का? एवढंच माझं म्हणणं, आणि नोकरीत असताना ते मी वरच्यांना कधी धड सांगू शकलो नाही.

२०२० ची गंमत तर अजून आठवते. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी झाली आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेत आवश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर झाली. फळं-भाज्यांचे किरकोळ भाव दुप्पट झाले तरच साठामर्यादा लावायची, असं त्यात होतं. गावात पेढे वाटायच्या बेतात होते लोक: कांदा सुटला! २३ ऑक्टोबरला साठामर्यादा आलीच, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळाला २ टन. भाव तेवढे वाढलेच होते, त्यामुळे कायद्याच्या चौकटीत सगळं बसत होतं. पुढच्या वर्षी ती दुरुस्तीसुद्धा बाकीच्या दोन कृषी कायद्यांबरोबर मागे घेतली गेली.

हे सगळं तुझ्या हातात नाही, हे एकदा मनाला सांगून टाक. तुझ्या हातात पट्टी आहे, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी विक्रीची पावती.

हसू नकोस. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली कापसाचा बाजार पहिल्यांदा नियमाखाली आला, तेव्हापासून बाजारावरच्या देखरेखीचं मूळ काम तेच आहे: भाव उघड बोलला जावा, काटा खरा असावा आणि पैसे वेळेत मिळावेत. ते झालं की नाही, हे कागदावर फक्त पट्टीतच उमटतं. लिलावात बोललेला भाव सौदापट्टीवर, वजन काटापट्टीवर आणि सगळी कपात हिशोबपट्टीवर. तिन्ही शेजारी ठेवून वाच. सौद्याला एक भाव आणि हिशोबाला दुसरा असेल, तर मधे व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या जागेवर, काहीतरी घडलेलं असतं. गाडी रिकामी होता होता व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, "खाली गोल्टी (बारीक कांदा) निघाली, खादही (खराब माल) आहे, दोनशे कमी करा." अर्धी गाडी खाली झालेली, शेतकरी माल परत भरणार कसा? कमी करतो बिचारा. कधी मालात खरंच फरक असतो, हेही लक्षात ठेव. वर चांगला माल लावून आणणारे आपलेच भाऊबंद असतात. त्यासाठी बाजार समितीची वांधा कमिटी, म्हणजे असे तंटे मिटवणारी मंडळी, आहे. ती गाडीपाशी येते की चहाच्या टपरीवर बसून निवाडा करते, एवढं बघितलंस तरी समितीची निम्मी तपासणी झाली.

मग कपात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या दहा गोण्यांचं काय झालं, ते देशभर छापून आलं होतं. कांदा ५१२ किलो, भाव किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी) मिळून कपात ५०९ रुपये ५१ पैसे. उरले २ रुपये ४९ पैसे, आणि चेक मिळाला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. लोक भावावर संतापले. मी ती पट्टी डोळ्यांपुढे आणून कपातीच्या रकान्यावर थांबलो. हमाली गोणीवर, भाडं वजनावर. भाव चाळीस असो वा एक, हा खर्च तसाच. २०१६ ला अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या डोक्यावरून काढून खरेदीदारावर टाकली, ते चांगलंच झालं. पण 'इतर' या रकान्याकडे तुझी नजर असू दे. आणि जिथे अख्खा ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो, तिथे तोलाई कशाची, हा प्रश्न विचारायला घाबरू नकोस. हमालांचंही पोट आहे, तेव्हा तो आवाज चढवून विचारू नकोस. हमाली-तोलाईच्या वसुलीच्या वादावरून २०२४ च्या एप्रिलात नाशिक जिल्ह्यात लिलाव ठप्प झाले होते.

आता माझी चूक सांगतो, तुझ्या वडिलांनाही ठाऊक नसलेली. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका बाजारात मी बघत होतो की एक व्यापारी पट्टीऐवजी वहीचं पान फाडून देतो. माणूस बोलका होता, पैसे देत होता. मी शेरा मारला नाही. दिवाळीच्या आधी तो गाव सोडून गेला. शेतकरी माझ्या टेबलावर ती पानं घेऊन आले. कोणावर सही नाही, कोणावर तारीख नाही. परवान्यापोटी ठेवलेल्या रकमेतून पक्की पट्टी असलेल्यांना थोडंफार मिळालं. पानवाल्यांना मी काय देणार? एक बाई ते पान घडी घालून परत पदरात बांधून गेली. काही बोलली नाही.

म्हणून २०२३ ला सरकारने लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला: पट्ट्या आहेत का? १ फेब्रुवारी ते ३१ मार्चची विक्री धरायची होती. विक्रीची पट्टी हवी, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. शिवारात कोणाला तरी चिठ्ठीवर माल दिलेल्यांनी नुसत्या बातम्या वाचल्या. शिवारखरेदी वाईट असं नाही, भाडं वाचतं, वेळ वाचतो. पण तिचाही कागद हवा, हे तू गावागावांत सांगत राहा. तलाठ्याशी ओळख ठेव. ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करायची, मुदत संपत आली की समितीच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहायला लाव.

सोमवारी हजर होशील. केबिनमध्ये बसायच्या आधी लिलावातली पहिली गाडी धर आणि तिच्यामागे खळ्यापर्यंत चालत जा. उन्हात उभी राहा, टोपी ने. शेतकऱ्याच्या हातात पैसे पडले की त्याची परवानगी घेऊन पट्टीचा फोटो काढ. महिनाभरात अशा दहा पट्ट्या जमव आणि झेरॉक्स मला पाठव. फोनवर मला ते रकाने नीट दिसत नाहीत.

तुझा,
काका