निवासी डॉक्टर वैद्यकीय विद्यार्थ्यांना खरंच शिकवतात का, की ते काम प्राध्यापकांचंच?

शिकवतात, आणि वॉर्डातलं बरंचसं तेच शिकवतात. प्राध्यापक राउंड घेऊन पुढच्या कामाला जातात. रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा हा निवासी डॉक्टर, रात्रीही तिथेच असतो. शिवाय काही वर्षांपूर्वी तो स्वतः इथेच अडखळलेला असतो, त्यामुळे विद्यार्थ्याचं घोडं नेमकं कुठे अडलंय हे त्याला चटकन कळतं.

वाढलेलं यकृत तपासायचं घ्या. पुस्तक वाचून आलेला विद्यार्थी बोटांची टोकं पोटात खुपसतो, रुग्ण पोट आवळतो, हाताला काहीच लागत नाही. रेसिडेंट त्याच्या हातावर आपला हात ठेवतो: "दाबू नकोस. उजवीकडे खालून सुरुवात कर. त्यांनी श्वास आत घेतला की यकृतच खाली येऊन बोटाला लागेल." अर्ध्या मिनिटाचं काम, पण जन्मभर पुरतं.

खरी अडचण वेळेची. त्यावर १९९२ साली मांडलेली 'वन मिनिट प्रिसेप्टर' ही पाच पायऱ्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. आधी विद्यार्थ्याला निदान सांगायला लावायचं, मग 'कशावरून?' विचारायचं, एखादाच मुद्दा शिकवायचा, जमलेलं सांगायचं, चुकलेलं सुधारायचं. घाई असली तरी 'कशावरून?' मात्र गाळू नका. विद्यार्थ्याने विचार केलाय की अंदाज ठोकलाय, हे तिथेच कळतं.