थॉमसच्या नव्या भागांत मूल्यं कोंबली आहेत का?

पाच वर्षांच्या मुलीला जुना थॉमस (बोलक्या रेल्वे इंजिनांच्या कार्टूनमधला) दाखवावा की नवा, असं विचारलंय तुम्ही, कारण नव्यात ‘मूल्यं कोंबलीत’ असं कुणीतरी सांगितलं. अहो, जुन्यात काय कमी होती?

मूळ पुस्तकं लिहिणारे विल्बर्ट ऑड्री इंग्लंडमधले पाद्री. गोवर आलेल्या मुलाला सांगितलेल्या गोष्टींचं पहिलं पुस्तक १९४५ साली आलं (त्यात थॉमस नाहीच, तो पुढच्या वर्षी आला). त्या पहिल्या पुस्तकात हेन्री नावाचं इंजिन रंग खराब होईल म्हणून पावसात बोगद्याबाहेर यायला तयार नसतं. मग रेल्वेचे जाडे साहेब पुढ्यात भिंत बांधून त्याला आत कोंडतात. हे वाचून दाखवलं तेव्हा माझा मुलगा दोन रात्री विचारत होता, “त्याला कोळसा कोण देतं?” पुढच्या गोष्टीत हेन्री सुटतो, ती लगेच वाचा. उपयोगी पडलास तरच तू चांगला, हा त्या पुस्तकांचा धडा मला आजही खुपतो. आणि महत्त्वाची इंजिनं जवळपास सगळी पुरुष. ॲनी आणि क्लॅराबेल या बायका म्हणजे थॉमसमागचे डबे.

तेव्हा बदल हवाच होता. तो कसा केला, त्यावर माझं मत थोडं वाकडं आहे. २०१६ च्या चित्रपटात भारताची आशिमा आली, निलगिरी रेल्वेच्या एक्स क्लास इंजिनावरून घेतलेली. खरी इंजिनं निळी, ही गुलाबी आणि अंगभर नक्षी. सुमारे बारा फुटांत एक फूट असा चढ दातेरी रुळाला धरून चढायचा, हा त्या इंजिनाचा खरा पराक्रम; तो नक्षीत कुठून दिसणार? २०१८ मध्ये केनियाची निया आली, संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची उद्दिष्टंही आली आणि मुख्य इंजिनांच्या शेडमधून एडवर्ड-हेन्री या जुन्या इंजिनांची उचलबांगडी झाली. त्यावर मोठ्यांनीच जास्त आरडाओरडा केला.

मला पटला तो २०२२ मधला ब्रूनो. तो गार्डचा डबा, म्हणून गाडीच्या शेवटी उलट्या तोंडाने धावतो आणि जग त्याला वेगळं दिसतं. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. गोंगाट असह्य झाला की त्याच्या कानांवरच्या झाकणांतून वाफ निघते. आवाजही स्वमग्न मुलानेच दिलाय. इथे वेगळेपण वरून रंगवलेलं नाही, डब्याच्या कामातूनच निघालंय.

मी दोन्ही दाखवेन, पण जुनं शेजारी बसून. आणि आशिमा आवडलीच, तर तमिळनाडूतल्या मेट्टुपालयमहून उटीची गाडी धरा, तीच निलगिरी रेल्वे. कुन्नूरपर्यंत वाफेचं इंजिन गाडीला मागून ढकलतं, तेव्हा तिकीट शेवटच्या डब्याचं मिळतंय का बघा.