जुनं मशीन विकलं, मग घसाऱ्याचं काय?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. सांगलीकडचं जॉबवर्कचं वर्कशॉप, एकट्याच्या मालकीचं. जून २०१४ मध्ये १४ लाखांना घेतलेलं व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) २०२५-२६ या आर्थिक वर्षात ५,२०,००० ला विकलं. एक्सेलमध्ये दरवर्षी १५ टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा करत आल्यावर त्या मशीनची किंमत २,३४,००० उरते. म्हणजे २,८६,००० नफा, मग त्यावर कर किती? सीए म्हणतात, यंदा काहीच नाही. पुढच्या वर्षी उरलेली मशिनंही काढून नुसतं ट्रेडिंग करायचा विचार आहे, आणि जमलं तर गाळाही विकायचा.

तुमच्या सीएंचं बरोबर आहे. तुमच्या एक्सेलमधलं गणितही चुकलेलं नाही, फक्त आयकर खात्याला त्या आकड्याशी देणंघेणं नाही. १९८८-८९ या कर निर्धारण वर्षापासून आपल्याकडे ब्लॉकची पद्धत आहे. एकाच वर्गातल्या आणि घसाऱ्याचा दर एकच असलेल्या सगळ्या मालमत्ता मिळून एक ब्लॉक. मशीन एकदा ब्लॉकमध्ये गेलं की हौदात ओतलेल्या कळशीसारखं, पाणी आहे पण कळशी वेगळी दाखवता येत नाही. तुमचा लेथ, ड्रिलिंग मशीन, कॉम्प्रेसर, स्वतःचा माल वाहणारा टेम्पो, धंद्याच्या नावावरची कार, सगळं यंत्रसामग्रीच्या १५ टक्क्यांच्या एकाच ब्लॉकमध्ये बसतं. कॉम्प्युटर ४० टक्क्यांचा, म्हणून त्याचा ब्लॉक वेगळा. फर्निचर १० टक्के, तेही वेगळं.

तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे १ एप्रिल २०२५ ला या ब्लॉकची डब्ल्यूडीव्ही, म्हणजे घसारा वजा जाऊन उरलेली किंमत, ११,८०,००० होती. त्यातून विक्रीची रक्कम वजा करायची, मशीनची शिल्लक किंमत नाही. ११,८०,००० वजा ५,२०,०००, राहिले ६,६०,०००. त्यावर १५ टक्के घसारा ९९,०००. पुढे ओढायचे ५,६१,०००. यंदाचा भांडवली नफा शून्य. विकलेल्या मशीनवर एप्रिलपासून विक्रीच्या तारखेपर्यंतचा महिन्यांच्या हिशेबाने घसारा काढायची पद्धत कंपन्यांच्या पुस्तकात असते, आयकरात नाही.

आता ‘शून्य’ म्हणजे फुकट असं समजू नका. मशीन विकलं नसतं तर यंदा १,७७,००० घसारा मिळाला असता, आता ९९,००० मिळतोय. म्हणजे ७८,००० ने करपात्र उत्पन्न वाढलंच. सरकारने नफा सोडलेला नाही, हप्त्यांनी वसूल करायचं ठरवलंय इतकंच. आणि ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला ही सवलत लहान नाही.

इथे एक गोष्ट आजच्या आज तपासा. टॅलीमध्ये अकाउंटंटने मशीन विक्रीचा नफा नफा-तोटा पत्रकात टाकलेला असतो. रिटर्न भरताना तो धंद्याच्या उत्पन्नातून वजा करावा लागतो, कारण तीच रक्कम ब्लॉकमधूनही कमी होते. तो तसाच राहिला तर एकाच पैशावर दोनदा कर. छोट्या फर्मच्या फायलींत ही गोष्ट मला इतक्या वेळा दिसली आहे की रिटर्न हातात आलं की मी आधी तिथेच बघतो.

फटका नक्की कधी बसतो? दोन वेळा, आणि तुमच्या पुढच्या वर्षीच्या बेतात दोन्ही शक्यता आहेत.

पहिली, ब्लॉक उणे गेला तर. समजा उरलेली मशिनं ९,००,००० ला गेली आणि टेम्पो तुम्ही ठेवला. ब्लॉकमध्ये ५,६१,००० होते, विक्री त्याहून ३,३९,००० ने जास्त. हे ३,३९,००० अल्पकालीन भांडवली नफा धरले जातात, मशीन तुमच्याकडे अकरा वर्षं होतं की अकरा महिने हे कोणी विचारत नाही. आयकर कायद्याचं कलम ५० ते हेच. कर तुमच्या नेहमीच्या स्लॅबने. शिवाय टेम्पो दारात उभा असला तरी कागदावर त्याची किंमत शून्य, त्यावर पुढे घसारा नाही, आणि उद्या तो विकला की आलेली रक्कम सगळी नफ्यात. मागच्या वर्षांचा न जिरलेला, म्हणजे उत्पन्न कमी पडल्याने वजा न झालेला घसारा तुमच्या रिटर्नमध्ये पुढे ओढलेला असेल तर तो या नफ्यातून वळता करून घेता येतो. विसरू नका.

यावर उपाय सरळ आहे. त्याच आर्थिक वर्षात त्याच ब्लॉकमधली एखादी वस्तू घ्या. ट्रेडिंगला नवा टेम्पो लागणारच असेल आणि तो ६ लाखांचा असेल, तर ५,६१,००० अधिक ६,००,००० वजा ९,००,०००, ब्लॉकमध्ये २,६१,००० उरतात आणि नफा नाहीसा होतो. बारकावा असा, की नफा मोजताना कायद्याने ‘त्या वर्षी संपादन केलेली’ वस्तू धरली आहे. घसारा हवा असेल तर ती वापरात आलेली पाहिजे, आणि १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर दर निम्मा. पण नफा जिरवायला ३१ मार्चपर्यंत तिची मालकी तुमच्याकडे आलेली असणं महत्त्वाचं. बिल आणि डिलिव्हरी हवी, नुसतं बुकिंगचं टोकन देऊन भागत नाही. डीलरला किंवा विकणाऱ्याला एका दिवशी रोख १० हजारांवर दिलेत तर तेवढी रक्कम खरेदी किमतीत धरली जात नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि निव्वळ कर वाचवायला नको असलेलं वाहन घेऊ नका. लाखभराचा कर वाचवण्यासाठी सहा लाख अडकवणारे लोक मी बघितलेत, त्यांना हात जोडतो.

दुसरी वेळ, ब्लॉक रिकामा झाला तर. समजा मशिनांना भाव आला नाही, सगळं मिळून ३,५०,००० आले, आणि टेम्पोही त्यातच गेला. ब्लॉकमध्ये कागदावर २,११,००० उरतात पण वस्तू एकही नाही. मग त्यावर घसारा मिळत नाही. तो अल्पकालीन भांडवली तोटा होतो, आणि भांडवली तोटा धंद्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातूनच होतो. वेळेत रिटर्न भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो. ज्याचे शेअर नाहीत, प्लॉट नाहीत, त्याला हा तोटा कागदावरच राहतो. उलट टेम्पो ठेवलात, तो ट्रेडिंगच्या कामात वापरलात आणि तेवढेच ३,५०,००० नुसत्या मशिनांचे आले, तर ब्लॉक जिवंत राहतो आणि २,११,००० वर पहिल्याच वर्षी ३१,६५० घसारा, धंद्याच्या उत्पन्नातून. एक वस्तू पुरते, फक्त ती खरोखर धंद्यात वापरात हवी.

भंगारवाल्याला काही मशिनं जातील, तेव्हा सांगून ठेवतो. भंगाराची रक्कमही ब्लॉकमधूनच वजा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतलीत तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. आरटीजीएस मागा, भाव पाचशे रुपयांनी पडला तरी. जुनं देऊन नवं घेतलंत तर एक्स्चेंजची किंमत म्हणजेच विक्रीची रक्कम. डीलर फरकाचंच बिल देऊ म्हणेल, तुम्ही नव्याचं पूर्ण किमतीचं बिल घ्या आणि जुन्याचं तुमचं वेगळं बिल करा.

ट्रेडिंगला अनुमानित पद्धतीने, उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्क्यांनी रिटर्न भरणार असाल तर त्या वर्षांचा घसारा ‘मिळाला’ असंच धरलं जातं आणि डब्ल्यूडीव्ही कमी होत राहते. मशीन विकून भांडवली नफा झाला तर तो या टक्क्यांच्या बाहेर, वेगळा.

गाळ्याचं प्रकरण मोठं आहे. धंद्याच्या इमारतीवर १० टक्के घसारा घेतलेला असेल तर तोही ब्लॉक. २० लाखांना घेतलेल्या गाळ्याची पंधरा वर्षांनी डब्ल्यूडीव्ही साधारण ४ लाख उरते. तो ८० लाखांना गेला आणि ब्लॉकमध्ये दुसरी इमारत नसेल तर ७६ लाख अल्पकालीन नफा, महागाई निर्देशांकाचा फायदा नाही. विक्रीची किंमत रेडी रेकनरपेक्षा (मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर) फार कमी दाखवली तर दहा टक्क्यांच्या फरकापलीकडे रेडी रेकनरचीच किंमत धरतात. पण एक दार उघडं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये एस बिल्डर्सच्या खटल्यात म्हटलं, की अल्पकालीन धरायचं ते फक्त नफा मोजण्यापुरतं. मालमत्ता खरोखर दीर्घकालीन असेल तर गुंतवणुकीची सूट नाकारता येत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या व्ही. एस. डेम्पो कंपनीच्या खटल्यात हेच मान्य केलं, तिथे विषय १९७२ मध्ये घेतलेल्या लोडिंग प्लॅटफॉर्मचा होता. आता ५४ईसीचे रोखे, म्हणजे ज्यांत नफा गुंतवला की त्यावरचा कर वाचतो ते, फक्त जमीन आणि इमारतीच्या नफ्यासाठी चालतात, म्हणून मशिनांना याचा उपयोग नाही, गाळ्याला आहे. विक्रीपासून सहा महिन्यांत, कमाल ५० लाख, पाच वर्षं अडकतात. स्वतःच्या प्लॉटवर शेड असेल तर जमिनीवर घसारा कधीच नसतो, तिचा हिशेब वेगळा आणि बहुधा स्वस्त पडतो. करारात दोन्हींच्या किमती वेगळ्या लिहून घ्या.

पुढच्या वर्षीच्या विक्रीला १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा आयकर कायदा लागेल. कलमांचे आकडे बदलले, ब्लॉकची पद्धत तीच आहे.

राहिला जीएसटी. ५,२०,००० मध्ये १८ टक्के धरलेत का बाहेर, हे बिलावर बघा. बाहेर असतील तर ९३,६०० वेगळे घेऊन भरायचे, आणि ब्लॉकमधून वजा होतात ते ५,२०,००० च. आत धरले असतील तर वजावट साधारण ४,४०,७०० ची, मग वरचे सगळे आकडे बदलतील. कार विकलीत आणि तिचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसेल तर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी फक्त फरकावर लागतो, विक्री किंमत वजा आयकराप्रमाणे घसारा काढून उरलेली किंमत. फरक उणे असेल तर कर नाही. आयकराने जी एकेका वस्तूची किंमत ब्लॉकमध्ये मिसळून टाकली, तीच जीएसटीवाला सुटी मागतो. तेव्हा तुमची ती एक्सेल शीट जपून ठेवा, आणि बिलातला जीएसटीचा आकडा इथे कळवा, यंदाचा घसारा परत मांडून देतो.