आजीचा केबलचा स्वेटर पुन्हा विणायचाय, पण नमुना कुठेच लिहिलेला नाही

प्रश्न: नमस्कार ताई, आजीने आजोबांसाठी विणलेला केबलचा, म्हणजे वेणीसारखे पीळ असलेल्या विणीचा स्वेटर आमच्याकडे आहे, नंतर तो बाबांनी वर्षानुवर्षं घातला, आता कोपरं विरलीत आणि कसरीने भोकं पाडलीत. आजी नाही आता, विचारणार कुणाला. मला तसाच्या तसा माझ्या भावासाठी विणायचाय. पाठ 50 सेंमी हवी, साध्या विणीत माझे 10 सेंमीत 22 टाके बसतात म्हणून 110 टाके घातले, पण वीतभर विणल्यावर मोजलं तर जेमतेम 39 सेंमी! कुठे चुकलं? आणि पाठीवर एक केबल एके ठिकाणी उलट्या बाजूला वळलीये, ती पण तशीच विणायची का?

उत्तर: हिशोब तुमचा बरोबर आहे हो, फक्त तो साध्या विणीचा आहे. केबलमध्ये टाके एकमेकांवर चढतात त्यामुळे कापड आत ओढलं जातं आणि तेवढ्याच रुंदीला जास्त टाके लागतात. तुमच्याच आकड्यांवरून बघा, 110 टाक्यांत 39 सेंमी म्हणजे 10 सेंमीत साधारण 28 टाके, मग 50 सेंमीला 140 लागणार. तीस टाक्यांचा फरक आहे, म्हणून ते उसवाच, वाईट वाटून घेऊ नका. बॉर्डरला मात्र 140 घालू नका, नाहीतर खाली झालर आल्यासारखं दिसेल. बॉर्डर कमी टाक्यांवर विणून तिच्या शेवटच्या ओळीत टाके वाढवायचे, तुमच्या आजीनेही बहुतेक असंच केलं असणार, बॉर्डर संपते तिथे बारकाईने बघा, वाढवलेले टाके दिसतील.

आता नमुना. तो लिहिलेला नाही असं तुम्ही म्हणताय पण स्वेटर हातात आहे ना, मग सगळं त्यातच आहे, फक्त घाई न करता वाचायचं. दिवसा खिडकीशी बसा, उजेड तिरका पडला पाहिजे म्हणजे टाके उठून दिसतात. प्रत्येक केबलच्या दोन्ही कडांना वेगळ्या रंगाचा धागा ओवून घ्या आणि आधी मधले उलट टाके मोजा, मग केबलचे. केबलचे टाके पिळाच्या जागी मोजू नका, तिथे हमखास चुकतं, दोन पिळांच्या मधे कापड सपाट असतं तिथे मोजा. एका पिळापासून पुढच्या पिळापर्यंत किती ओळी तेही मोजा, आणि एकदाच मोजून विश्वास ठेवू नका, तीन-चार ठिकाणी मोजा कारण जुन्या कापडात ओळी ताणलेल्या असतात. सगळं चौकटीच्या वहीत उतरवा, एक चौकट एक टाका.

पीळ कुठे झुकतो तेही लिहून ठेवा. सुलट बाजूने विणताना केबलचे पहिले अर्धे टाके जादाच्या सुईवर घेऊन पुढे म्हणजे आपल्या बाजूला ठेवले तर केबल डावीकडे झुकते, मागे ठेवले तर उजवीकडे. बऱ्याच जुन्या स्वेटरांत डाव्या अंगाची केबल उजव्या अंगाच्या आरशातल्यासारखी असते, ते लक्षात आलं नाही तर सगळं नीट विणूनही काहीतरी वेगळं दिसतंय असं वाटत राहतं.

लोकरीचं म्हणाल तर कसर लागली म्हणजे बहुधा खरी लोकरच आहे. खात्रीसाठी आतल्या शिवणीतून छोटासा धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा, लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. त्याच धाग्याचा पीळ सोडून किती पदरी आहे तेही बघून घ्या. किती लोकर लागेल त्यासाठी जुना स्वेटरच वजन करा आणि वर एक गुंडा जास्त घ्या, सगळे एकाच रंगाच्या लॉटचे.

यावेळी टाके मोजायला आधी एक छोटा तुकडा केबलसकट विणा, निदान 15 सेंमी रुंद, आणि धुऊन वाळवून मगच मोजा. आजीचा स्वेटर कितीतरी वेळा धुतला गेलाय, त्याची तुलना न धुतलेल्या कापडाशी करून चालणार नाही. भाऊ आजोबांपेक्षा रुंद असेल तर केबलना हात लावू नका, काखेखाली कडेला जे साधे टाके असतात तिथेच वाढवा.

आणि ती उलटी वळलेली केबल, माझं मत विचाराल तर विणा, अगदी त्याच जागी. बॉर्डरपासून कितवा पीळ ते मोजून वहीत खूण करून ठेवा. बाकीचा नमुना कुणीही विणू शकेल, पण त्या एका ओळीत तुमच्या आजीचा हात चुकला होता आणि तिने ते उसवलं नाही, मला तर ती जागा स्वेटरमधली सगळ्यात तिची वाटते.

प्रश्न: मग जुना स्वेटर उसवून तीच लोकर वापरली तर?

उत्तर: नको, कृपा करून नको. कसरीने खाल्लेला धागा दर वीतभरावर तुटतो, आणि धुऊन धुऊन लोकर एकमेकीत गच्च बसलेली असेल तर ती उसवतही नाही. शिवाय अर्ध्यात अडलात तर बघायला समोर काहीच उरणार नाही. फक्त नवी लोकर घरात आणायच्या आधी जुना स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून पंधरा दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, कसरीच्या अळ्या त्याने मरतात, नाहीतर त्या नव्या गुंड्यांवर जातील.